वहिनींच्या टीव्हीवरचं कापड

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. इतकी वर्षं रोज लोकांना काहीबाही सांगत आलो. विहिरीत पडलेला बिबट्या, मंत्र्यांची सर्दी, सगळं सांगितलं. हे एवढं सोडून.

मी टीव्हीवर बातम्या द्यायचो. वर कोट-टाय आणि टेबलाखाली रबरी चपला. आमच्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मला करता येत नाही. आता रत्नागिरीत राहतो. अधूनमधून कुणी शाल-श्रीफळ देतं, ‘कोकणचा आवाज’ म्हणतं. या आवाजातून कोकणचा हेल काढायला मला दोन वर्षं लागली होती, हे त्यांना कोण सांगणार? पण ते असो. मी टाळतोय — कळतंय मला.

सुधाकरदादापासून सुरुवात करायला हवी. माझा चुलतभाऊ. खेडजवळच्या आमच्या वाडीतून रसायनाच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. मी शाळेत असताना त्याच्याकडे आणि वहिनींकडेच राहायचो. कंपनीच्या बसमधून उतरताना त्याच्या हातात कँटीनमधला कालचा पेपर असायचा. तो मी पडवीत मोठ्याने वाचायचा, त्याने डोळे मिटून ऐकायचा. निधनवार्तासुद्धा. एखादं नाव मी गिळलं की म्हणायचा, “नाव नीट घे रे. मेलेला मानूस उठून सांगाया येनार हाय काय तुला?” माझा पहिला श्रोता तोच.

त्या दुपारी चारच्या बातम्यांना मी बसलो होतो. खेडकडच्या एका कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी आली. कारखाना दादाचा. पाळीही त्याचीच. दुसऱ्या एका वाहिनीने कुणा कामगाराच्या भावाला फोनवर घेतलं होतं, म्हणून निर्माता माझ्या कानातल्या यंत्रातून ओरडत होता — आपल्याकडे कुणी नातेवाईक नाही का, कुणीच नाही का?

होते ना. माझ्याकडे होते.

वहिनींचा नंबर मी दिला. जाहिराती चालू असताना, टेबलाखाली मोबाइल धरून, स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून. माझं कुणी तिथे कामाला आहे हे त्या स्टुडिओत एकालाही माहीत नव्हतं. मग का दिला? काळजीपोटी? काळजी असती तर मीच फोन लावला नसता का?

जाहिराती संपायच्या आत आमच्या वार्ताहराकडून मृतांची नावं आली. तिसरं नाव दादाचं. निर्माता कानात म्हणाला, “नावं खाली पट्टीवर सोडतोय. बाईंना धरून ठेव.”

बातम्यांत कुणाला फोनवर घेताना एक सूचना ठरलेली असते — टीव्हीचा आवाज बंद करा, नाहीतर घुमतो. वहिनींनी तो बंद केला. चित्र बंद करा असं कुणी सांगत नाही.

“भावजी, तुमीच ना वो?” त्यांचं पहिलंच वाक्य. “दिसताव तुमी मला. ह्यांची बस आली नाय अजून. ह्ये बरं हायत ना?” मागे कुकरची शिट्टी झाली.

आणि मी — त्यांच्या हातचं पाच वर्षं जेवलेला मी — त्यांना ‘ताई’ म्हणालो. ताई, घाबरू नका, आम्ही माहिती घेतोय. या क्षणी तुमच्या मनात काय भावना आहेत?

माहिती माझ्यासमोर होती. मी त्यांना धरून ठेवलं. मिनिटभर असेल. त्या सांगत होत्या की आज ह्यांनी डबा नेला नाही, येऊनच जेवतो म्हणाले, म्हणून भात उशिरा लावला — आणि मध्येच थांबल्या. समोरच्या मॉनिटरवर माझ्या टायच्या खालून दादाचं नाव सरकत चाललं होतं. वहिनी अंगणवाडीत शिकवायच्या. त्यांना वाचायला वेळ लागला नाही.

ताई, ऐकताय ना? मी दोनदा विचारलं. मग दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळून म्हणालो, संपर्क तुटला आहे. तो तुटला नव्हता. कुकरची पुढची शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली.

दादाच्या जलदानविधीच्या दिवशी, माणसं पांगल्यावर, वहिनींनी हळूच विचारलं, “तुमाला आदी ठाव होतं काय वो?”

नाही म्हणालो. कानात इतका गोंगाट असतो वहिनी, मला तुमचा आवाजही ओळखू आला नाही. नंबर? तो कंपनीतूनच मिळाला असणार. एका दमात तीन खोटी वाक्यं, एकही अक्षर न गिळता. त्यांनी मान हलवली आणि मला पाणी आणून दिलं.

पुढे वाडीतल्या विहारात माझा सत्कार झाला. मागून कुणीतरी बोललंच, “सोताची वयनी वलखाया आली नाय, आन् म्हनं कोकनचा आवाज!” वहिनी पुढच्या रांगेतून वळल्या. “कानात बोंबलत असतात त्यांच्या. तू बसून दाव तितं!” सगळे हसले. मी नारळ घेतला. शालही घेतली.

वहिनी अजून टीव्ही बघतात. पण पडद्याच्या खालच्या भागावर त्यांनी क्रोशाचं एक कापड लावून टाकलंय, बरोबर जिथून अक्षरं धावतात तिथे. धावती अक्षरं डोळ्यांना त्रास देतात, असं सांगतात. मी गेलो की तो टीव्ही माझ्यासमोर चालू असतो. मी चहा पितो, काहीबाही बोलतो, निघतो.

परवा गेलो तेव्हा ते कापड एका बाजूने घसरलं होतं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मी उठलो, ते नीट केलं, आणि परत जागेवर येऊन बसलो.