टोकदादांचा कुंचला

पडदा वर जातो. समोर लांबट, अरुंद खोली. खिडकीखाली बुटकं मेज. त्यावर पत्र्याच्या टोप्या, दोऱ्याची रिळं, सरसाचं भांडं आणि केसांच्या जुड्या. मेजामागे मांडी घालून बसलेला माणूस केसांची चिमूट एका छोट्या पितळी पेल्यात उलटी सोडतो, पेला टकटक आपटतो आणि टोकं जुळली की दोरा आवळतो. मग तयार कुंचला ओठांत धरून ओला करतो आणि उजेडात बघतो. टोक सुईसारखं जमलं तर ठीक, नाहीतर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. या हट्टापायी आमच्या नाटक मंडळीत सगळे त्यांना टोकदादा म्हणत.

मला भर तारुण्यात म्हाताऱ्यांचीच कामं मिळत. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, हे सारं आमचे रंगभूषाकार, म्हणजे रंगमास्तर, टोकदादांच्याच कुंचल्याने काढत. ते कुंचले मुंगसाच्या केसांचे. रंग पोटभर धरायचे आणि कितीही दाबले तरी पुन्हा ताठ उभे राहायचे. दुसरा कुंचला पुढे केला की मास्तर नाक मुरडत.

आणि टोकदादांनी मुंगूस कधी जवळून पाहिलंच नव्हतं! केस यायचे ते धुतलेले, विंचरलेले, जुड्या बांधलेले. मेंढीची लोकर कातरतात तसे मुंगसाचे केस कातरून त्याला सोडून देतात, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. त्या धंद्यातली सगळीच माणसं तसं मानून चालली होती.

मग कायदा आला, आणि कायद्यामागून वनखात्याचा एक अधिकारी टोकदादांच्या कारखान्यात आला. त्याने आवाज चढवला नाही. मुंगूस मारणं हा तर गुन्हा आहेच, पण त्याचे केस विकणं, नुसते जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, उरलेला माल कचेरीत जमा करायला कायद्याने मुदत दिली आहे, असं त्याने समजावलं. आम्ही कुठे शिकार करतो, असं टोकदादांनी विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून जप्त केलेलं एक कातडं काढून मेजावर ठेवलं. शेपटीसकट. फासे लावणारा रानात कुठे दडून बसतो ते सापडत नाही, तो म्हणाला, पण त्याच्याकडून विकत घेणारं कुणी उरलंच नाही, तर तो फासे लावेल कशाला? मुंगसं संपली की उंदीर-घुशींना शेतं मोकळी, म्हणून कायद्याला रानातून थेट या मेजापर्यंत यावं लागलं.

त्या दिवसानंतर टोकदादांना कुंचला ओठांत धरवेना. वाटीत पाणी घेऊन ते त्यात टोक बुडवू लागले.

कारखान्यात त्यांचा धाकटा भाऊ भागीदार होता. त्याचं म्हणणं, माळ्यावर जो माल पडलाय तो पडलाय, मेलेली मुंगसं काही उठून चालायला लागणार नाहीत, गुपचूप वापरून टाकू. दोघांत बरेच दिवस धुसफुस चालली. शेवटी ठरलं असं, की टोकदादांनी दुसऱ्या कशाचा तरी कुंचला करून दाखवावा. रंगमास्तरांनी तो पसंत केला तर माळा रिकामा करायचा. नाही केला, तर टोकदादांनी कारखान्यातून अंग काढून घ्यायचं आणि धाकट्याने हवं तसं चालवायचं. ज्या माणसाला दुसरं कोणतंही काम येत नव्हतं, त्याने ही अट मान्य केली.

मग शेळीचे केस आणि नायलॉनचे तंतू यांची मिसळण सुरू झाली. टोक जमलं तर रंग धरत नसे, रंग धरला तर टोक फिसकटे. वहिनी म्हणायच्या, हल्ली यांना लांबून बघितलं तरी शेळ्या आडोसा शोधतात.

परीक्षेच्या दिवशी परीक्षेचा कागद म्हणजे माझं कपाळ. रंगपटातल्या खुर्चीत मी, पाठीशी टोकदादा, दाराशी धाकटा. मास्तरांनी डबीतून नवा कुंचला उचलला, रंगात बुडवला आणि माझ्या अर्ध्या कपाळावर एका दमात आठी ओढली. आरशात पाहिलं तर मी एकदम सत्तरीचा. मास्तर म्हणाले, टोकदादा, जिंकलात. तसूभर फरक नाही.

टोकदादांनी कुंचला त्यांच्या हातातून घेतला, खिडकीशी नेला, अंगठ्याने टोक दाबून पाहिलं.

"मास्तर, हा माझा नाही," ते म्हणाले. "हा मुंगसाचा आहे."

धाकट्याने मान खाली घातली. डबीतला कुंचला त्यानेच बदलला होता. भाऊ हरला असता तर कारखाना सोडून गेला असता, आणि ते त्याला पाहवणार नव्हतं. आयती मिळालेली टाळी खिशात घालून गप्प बसणं किती सोपं असतं, ते आम्हा नटांना विचारा. मिळालेली टाळी परत करणारा माणूस मी तो एकच पाहिला.

त्यांनी सोबत आणलेल्या संचातला स्वतःचा कुंचला पुढे केला. मास्तरांनी उरलेल्या अर्ध्या कपाळावर रेघ ओढली. ती भुवईच्या वर येऊन तुटली. मास्तरांनी त्याच वाटेने पुन्हा हात फिरवला, तेव्हा भरली.

"एकेका रेघेला दोन हात मारावे लागतील," मास्तर कुरकुरले.

"मग दोन मारा ना," टोकदादा म्हणाले. "चेहरा कुठे पळून जातोय?"

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी आख्खा संच ठेवून घेतला, आणि आपल्या पेटीतले जुने मुंगसाचे कुंचले काढून टोकदादांच्या पुढ्यात ओतले. पुढे मी जितके म्हातारे रंगवले, ते सगळे दोन हातांचे.

थोड्या वेळाने वारा घ्यायला मी मागच्या दाराशी गेलो, तर पायरीवर दोघे भाऊ. टोकदादा सांगत होते, माळ्यावरचा माल आणि हे जुने कुंचले, सगळं आजच वनखात्याच्या कचेरीत नेऊन द्यायचं. धाकट्याचा चेहरा उतरला. माल दडवून ठेवायची कल्पना त्याची होती. कायद्याने इतके दिवस दिले असताना दडवला कुणी, असं ते विचारणारच.

"दादा, हे कुणाचं म्हणून विचारलं, तर काय सांगशील?"

टोकदादांनी कुंचल्यांची जुडी रुमालात बांधली, काखेत मारली आणि पायरी उतरता उतरता म्हणाले,

"आपलं म्हणून सांगेन. इतकी वर्षं काय तू एकटाच बांधत होतास?"