बायकोच्या मापाचं पिस्तूल

वेंडेल स्टिगल यांनी आमच्या शाळेची बस चौतीस वर्षं चालवली. मीही त्याच बसमधून शाळेत गेले. उतरलेलं पोर घराचं दार उघडून आत जाईपर्यंत हा माणूस बस जागची हलवायचा नाही, मग मागे कितीही गाड्या तुंबोत. ओक्लाहोमाच्या या आमच्या कोपऱ्यात त्यांना सगळे 'मिस्टर वेंडेल' म्हणतात, त्यांच्या वयाचे म्हातारेसुद्धा, आणि त्यांच्या बायकोला 'मिस व्हर्ना'. अंगाने काटकुळे, बोलायला गोड आणि हट्टाला गाढव. हे मी प्रेमाने म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला एकोणीस वर्षं झाली. बायकोसाठी पिस्तूल घ्यायला नवरे एकटेच येतात आणि दहातले नऊ जण एकच चूक करतात. कपाटातलं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल उचलतात. बाईचा हात लहान, तेव्हा पिस्तूल लहान, संपला हिशोब. खरं तर पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा धक्का हाताला जास्त बसतो, आणि जितकं लहान तितकी त्यातली स्प्रिंग ताठ. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण ऐकतो कोण?

जानेवारीत मिस्टर वेंडेल आले. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. टल्साच्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि वसंत उलटू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर गावापासून नऊ मैल आत. फोन केला तर शेरीफचा माणूस पोहोचायला पाऊण तास.

"पोरी, व्हर्नाला एकटीला वापरता येईल असं काहीतरी दे," ते म्हणाले. "घरातल्या शॉटगनने तिचा खांदाच निखळेल. तिची सोय झाल्याशिवाय मी टल्साला जायचा नाही."

"मग मिस व्हर्नांनाच घेऊन या की."

"तिला काय कळतंय त्यातलं? तिचा हात एवढा." त्यांनी आपल्या पंजाची चार बोटं दाखवली.

त्यांनी तळहातात मावेल असं, जांभळ्या मुठीचं पिस्तूल नेलं. पंधरवड्यात परत आणलं. पहिल्याच गोळीला मिस व्हर्नांच्या अंगठ्याजवळची कातडी सोलवटली होती. तेवढ्यात ऑपरेशनची तारीख गेली.

दुसऱ्या खेपेला आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. तेही परत आलं. चाप फार जड, बोटाने ओढवत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मला पटलं. कोंबड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हाडं वेगळी करून त्या बाईची बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झालीत. दुसरी तारीखही गेली. मार्चमध्ये त्यांनी तिसरं नेलं, पुन्हा चिमुकलंच. गोळी नळीत चढवायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचावा लागतो, तो मिस व्हर्नांना तसूभर हलवता आला नाही. तेही परत आलं.

"तिन्ही वेळा माझं ऐकलं नाहीत," मी तडकून म्हणाले. "बुटांचा जोडसुद्धा पायात घालून घेतात, मिस्टर वेंडेल."

"बघू," ते म्हणाले आणि रिकामी पिशवी उचलून चालू लागले. मला राग आला होता. जिने ते वापरायचं, तिलाच हा माणूस विचारत नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दोघं आली. पुढे मिस व्हर्ना, चर्चला जायच्या निळ्या कोटात, आणि मागे तोंड पाडून मिस्टर वेंडेल.

"इस्पितळातून नर्सचा फोन आला होता," त्या मला म्हणाल्या. "सोमवार. ही हुकली तर पुढची तारीख ते देणार नाहीत. आता तू दाखव, मी बघते."

मी अकरा पिस्तुलं रिकामी करून, तपासून त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी एकेक उचललं, भिंतीकडे धरलं, वरचा भाग खेचून पाहिला आणि खाली ठेवलं. घाई नाही, लाज नाही. बाजारात टरबूज निवडावं तशा निवडत होत्या. शेवटी जुन्या मालाच्या कपाटातलं एक लांब, जड, पोलादी पिस्तूल त्यांच्या हातात बसलं. गोळी बारीक, पॉइंट बावीसची, त्यामुळे स्प्रिंग मऊ. त्यांनी संपूर्ण पंजाने वरचा भाग पकडला आणि तो सरकन मागे आला.

"हे?" मिस्टर वेंडेल म्हणाले. "हे तर तुझ्या पर्समध्येसुद्धा मावणार नाही."

"पर्समध्ये कुणाला ठेवायचंय? घरात ठेवीन."

"अगं, बावीसची गोळी! खारी मारायची ती."

"मग खारींना सांग, आमच्याकडे येऊ नका म्हणावं."

दुकानामागच्या मैदानात मी सात पावलांवर कागदी थाळी टांगली. कानांवर झाकणं चढवून त्यांनी स्वतः गोळ्यांचं मॅगझीन भरलं, खेचलं, दहा गोळ्या झाडल्या. आठ थाळीत लागल्या. मी खुशीत वळून पाहिलं. नवरा आनंदाने उड्या मारेल असं मला वाटलं होतं. मिस्टर वेंडेल यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मूठ घसरतेय तुझी," ते म्हणाले. "आणि जुनं आहे ते. आणखी एखादं बघू. पुढच्या महिन्यात नवा माल येईल, नाही का गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकोणीस वर्षं माणसं ओळखण्याची मिजास मिरवणारी मी, आणि तीन महिने या माणसाला मी नुसता अडाणी समजत होते. मला स्वतःचीच चीड आली.

मिस व्हर्नांनी पिस्तूल रिकामं केलं, पुन्हा तपासलं, फळीवर ठेवलं. मग कानांवरची झाकणं काढली.

"वेंडेल, मला जमतंय. तू बघितलंस."

ते बाकावर बसले. मी आत निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"मला भीती वाटते, व्हर्ना," ते म्हणाले. "भूल देतील आणि मी उठणारच नाही, असं वाटतं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"ते जांभळं पिस्तूल घेऊन आलास तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

त्या त्यांच्या शेजारी बसल्या आणि कोटाच्या बाहीने त्यांचा चेहरा पुसला.

"त्या रिव्हॉल्व्हरचा चाप मला ओढता येत होता," त्या म्हणाल्या. "दोन बोटं लावली की येत होता. मीच तुला नाही म्हणून सांगितलं. मलाही ती तारीख नको होती."

माझे डोळे भरून आले आणि मी थाळी उतरवायच्या निमित्ताने मैदानाच्या टोकाशी गेले. परत आले तेव्हा मिस्टर वेंडेल उभे होते आणि गाडीच्या किल्ल्या बायकोच्या वाकड्या बोटांत अडकवत होते.

"सोमवारी पहाटे पाचला निघावं लागेल," ते म्हणाले. "गाडी तू चालव."