सरांचं मॉडेल आणि आमचा पिवळा

माणूस गप्प असला की त्याच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात. मी मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे भाईंदरच्या आमच्या लॅबमधले किस्से माझ्याकडे साचत गेले, सिंकमध्ये बाटल्या साचतात तसे. बाटल्या निदान संध्याकाळपर्यंत धुऊन तरी होतात!

माझं शिक्षण सातवी. कामं दोन: काचेची भांडी धुणं आणि कॉलम भरणं. कॉलम म्हणजे पांढऱ्या पावडरीने ठासून भरलेली काचेची नळी. तिच्यात वरून लाल-पिवळ्या रंगांचं मिश्रण सारखं सोडत राहायचं. पावडरीत दोघांनाही जागा हवी असते. लाल घट्ट चिकटतो, पिवळा सैल. म्हणून खालून आधी पिवळा येतो, मागाहून लाल. किती वेळाने येईल, किती दाट येईल, हे आमचे सर आधीच कॉम्प्युटरवर मांडून सांगतात. त्या गणिताला मॉडेल म्हणायचं. सर डॉक्टर आहेत, पण तापावर गोळी देणारे नव्हेत.

*

मॉडेल कधी चुकत नाही. चुकतो तो कॉलम!

एकदा आकडे जुळेनात, तेव्हा सरांनी मला तो दोनदा रिकामा करून पुन्हा भरायला लावला. तिसऱ्यांदाही म्हणाले, "काका, नीट नाही भरलात." मी कॉलम मागच्या खोलीत नेला. बाहेरून ओल्या फडक्याने पुसला, शांतपणे चहा प्यायलो आणि तसाच आणून ठेवला.

"हं! आता कसा भरलाय बघा!" सर म्हणाले. "हात बसायला वेळ लागतो, काका."

मी मान डोलावली. चहा चांगला झाला होता.

*

शलाका आमची नवी केमिस्ट, राहते बेव्हर्ली पार्कला. वडिलांची नोकरी सुटलेली, घर हिच्या पगारावर. सहा महिन्यांचं प्रोबेशन. नंतर कायम करायचं की नाही, ते सरांच्या सहीवर.

एकदा तिने घाईत सरांना भलतीच फाइल पाठवली. सरांनी दुपारभर चार आकडे इकडे पिळले, तिकडे पिळले. शेवटी मॉडेलची रेषा मोजलेल्या प्रत्येक ठिपक्यातून गेली! सगळ्यांना बोलावून दाखवली.

शलाका चाचरत म्हणाली, "सर, सॉरी. ही फाइल निळ्या रंगाच्या मोजणीची होती."

सरांनी चष्मा वर सरकवला. "बघ! मॉडेल किती दमदार आहे! रंग बदलला तरी जुळतंय!"

*

सरांची पद्धत अशी: लाल एकटा सोडून मोजायचा, पिवळा एकटा सोडून मोजायचा, आणि त्यावरून मिश्रणाचं भाकीत करायचं. जणू आत दोघांची गाठच पडणार नाही.

पाली गावात घरी बायको बोंबील साफ करत होती, तिला हे सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, "एकेकट्यालाच इचारतो काय तुमचा सायेब? मंग बरोबरच येनार! आपल्या दोनी सुनापन एकेकटीला इचारलं तं लई गुनाच्या हायत."

*

मग शलाकाचा मिश्रणाचा रिपोर्ट आला. त्यात तिने लिहिलं होतं, पिवळा वरून जेवढा दाट सोडला, त्याहून जास्त दाट होऊन खाली आला.

सरांनी सगळ्यांसमोर कागद वर धरला. "जास्त कसा येईल? आत त्याला पिल्लं झाली का?"

सगळे हसले. शलाकाही हसली, पण डबा तसाच घरी घेऊन गेली.

"हे तीन ठिपके काढून टाक," सर म्हणाले. "नाहीतर तुझं कन्फर्मेशन विसर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, त्या दिवशीच्या बाटल्या मी धुतल्यात. इतका गडद पिवळा कधी पाहिला नव्हता."

"वा! आता भांडी घासून केमिस्ट्री ठरवायची का, काका?"

मी गप्प बसलो. मला ते जमतं. शलाकाने वाद न घालता ठिपके तसेच ठेवले. तिलाही ते जमलं.

*

महिनाअखेरीला मालकांच्या केबिनमध्ये मीटिंग होती. आम्ही सातजण एकेक करत, अर्ध्या तासात आरामात येऊन खुर्च्यांवर बसलो. सर मधल्या खुर्चीवर. शलाकाच्या हातात तोच रिपोर्ट आणि त्याखाली कन्फर्मेशनचा कागद, दोन्ही सहीविना.

तेवढ्यात मालक गिऱ्हाईक कंपनीच्या बड्या लोकांना घेऊन आत आले. "चला, चला, उठा जरा! पाहुण्यांना बसू द्या!"

पाहुण्यांनी एकेक खुर्ची धरली आणि आम्ही सातहीजण एकाच वेळी दाराकडे! दारात ही चेंगराचेंगरी. सर मधोमध अडकलेले, चष्मा वाकडा.

बाहेर आमचा वॉचमन वहीत नावं लिहीत बसलेला. तो उठून उभाच राहिला. "अरे साहब, इतने लोग? मैंने तो एक-एक करके छोड़े थे!"

"एक-एक करके ही गए थे!" सर ओरडले. "निकाला सबको एक साथ! पाहुणे आकर बैठ गए ना हमारी जगह पे!"

मी त्यांच्या मागेच होतो. हळूच विचारलं, "म्हणजे पिवळ्याला आत पिल्लं नाही झाली ना, सर?"

सर दारातच थांबले. मागचे ढकलत होते, तरी थांबले. वळून आतल्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग शलाकाच्या हातातल्या कागदांकडे.

"काका," ते म्हणाले, "पेन आहे का?"