आप्पा हळदीत नाचले

आप्पा म्हणजे माझे वडील. न्हावऱ्याला असतात. ऊस थोडा, म्हशी दोन आणि डायबेटिस बराच जुना. बोटाला सुई टोचून साखर बघायची म्हटलं की ते गोठ्यात जाऊन बसत. शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला मागच्या बाजूनं नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवला. साखरेचा आकडा त्यांच्या मोबाइलवर यायचा आणि तिथून दौंडला, माझ्या मोबाइलवर. साखर फार चढली किंवा सत्तरच्या खाली गेली की गजर व्हायचा.

मी बँकेत काम करते. दुसऱ्याच दिवशी ऐन गर्दीत काउंटरवर माझा मोबाइल बोंबलला. मी बाजूला होऊन फोन लावला.

"आप्पा, काय खाल्लं?"

"भाकर खाल्ली की."

"आणि भाकरीबरोबर?"

पलीकडं म्हैस रेकली. मग बारीक आवाज आला, "गूळ. पन तुला तिकडं दौंडात बसून कसं दिसतंय गं?"

मला इतकं हसू फुटलं, की समोरच्या गिऱ्हाइकालाही हसू आलं. पुढं आप्पांना या प्रकाराची गोडीच लागली. "डेअरीपर्यंत चालून आलो. बघ बघ, उतरली का न्हाई?" असे फोन तेच करू लागले. आमचे कॅशियरसुद्धा सकाळी आल्या आल्या "आप्पा किती?" म्हणून विचारायचे.

पुढच्या आठवड्यात केंदूरला माझ्या मामेबहिणीची हळद होती. मी दौंडहून गेले, आई-आप्पा न्हावऱ्याहून आले. संध्याकाळी पंगतीत मामींनी आग्रह केला आणि आप्पांनी माझ्याकडं पाठ करून जिलेबी खाल्ली. पाठ केली म्हणून काय होतंय? थोड्या वेळानं माझ्या पर्समधून बोंब उठली. अडीचशेच्या वर!

"उठा, जरा चालून या," मी म्हणाले.

"कुठं चालू? रस्ता डीजेनं आडवलाय."

"मग नाचा की भावजी!" मामी ओरडल्या.

आप्पा जन्मात कधी नाचले नव्हते. माझ्या लग्नात ते वरातीच्या मागं पाहुण्यांच्या पिशव्या धरून चालत होते. पण त्या दिवशी त्यांनी काय मनावर घेतलं कोण जाणे. मोबाइल खिशात टाकला, टोपी आईच्या हातात दिली आणि घुसले पोरांच्या घोळक्यात. दोन्ही हात वर, जणू डोक्यावर उसाची मोळी आहे, आणि पाय मात्र चिखल तुडवल्यासारखे. आई तोंडाला पदर लावून गदगदा हसत होती.

मी खुर्चीवर चढून आकडा ओरडायला लागले. आधी तो वाढतच गेला. "अरारारा!" सगळा मांडव हळहळला. मग थांबला. मग उतरायला लागला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. डीजेवाल्यानं माइक घेतला, "आप्पा, दोनशेच्या खाली आलाय, सोडू नका!" नवरी हळदीच्या अंगानं पाटावरून उठली आणि त्यांच्याबरोबर नाचायला आली. गाणी बदलत गेली, आप्पा काही थांबेनात.

दमून एकदाचे खुर्चीत बसले तेव्हा घामानं निथळत होते. नाचून घाम येणारच, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. या वेळी साखर सत्तरच्या खाली गेली होती. आईनं पळत जाऊन साखरेचं पाणी आणलं. आप्पांचा हात थरथरत होता, तरी त्यांनी विचारलंच, "आता जिलेबी चालंल का?"

"आधी हे प्या!" आई खेकसली.

आकडा वर सरकेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. सरकला तशी मीच रडत रडत हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल झाला. आलेख त्यांच्यासमोर होता. "संध्याकाळी हा डोंगर चढून एकदम दरीत कसे गेलात?"

"नाचलो, सायेब."

डॉक्टर चष्मा काढून हसले. मग आलेख मागं नेत त्यांनी विचारलं, "बाकीच्या दिवशीही पहाटे धार काढायच्या वेळेला साखर सत्तरला टेकलेली दिसतेय, गजर तेवढा झाला नाही. तेव्हा काही होतं का तुम्हाला?"

आप्पा आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "हात कापत्यात. डोळ्यापुढं अंधारी येती. म्हातारपन आलं म्हनून कुनाला बोललो न्हाई."

आईनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी निम्मी केली, जेवणानंतर रोज चालायला सांगितलं आणि खिशात थोडी साखर ठेवायला लावली. काही दिवसांनी आप्पांचा फोन आला. आवाज असा, की आधी मला वाटलं म्हैस व्यालीय.

"अगं, हात कापायचं थांबलं! धार काढली, बादली उचलली, काय सुदिक न्हाई झालं! म्हंजी ते म्हातारपन न्हवतंच. गोळी व्हती ती!"

मागून आई म्हणाली, "सकाळधरनं डेअरीवर सगळ्यांना हेच सांगत सुटल्यात."