फाउस्टिनाचा अंबाडा

नाहूर स्टेशनजवळ जया कांबळेचं ब्युटी पार्लर आहे. अठ्ठावीस वर्षं उभ्यानं काम करून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या पडल्यात. डॉक्टर म्हणाले, "आता बसून काम करा." जया हसली. बसून कुणाचे केस कापता येतात का?

तिला नाद एकच, जुन्या रोमन नाण्यांचा. त्यातही ज्यांच्यावर राजघराण्यातल्या बायका आहेत तेवढीच नाणी. सम्राटांकडे ती ढुंकूनही बघत नाही. लागण झाली ती रुचिरा नावाच्या एका गिऱ्हाइकामुळं. तिनं मोबाइलवर अशा नाण्याचा फोटो दाखवून विचारलं होतं, "असा अंबाडा जमेल का गं?" अंबाडा जमला, पण नाण्यावरची ती बाई काही जयाच्या डोक्यातून जाईना.

गेल्या रविवारी घाटकोपरला नाण्यांचं प्रदर्शन होतं. पाय ठणकत होते, तरी ती गेली. चंद्रप्रकाश या ओळखीच्या व्यापाऱ्यानं एक झिजलेलं तांब्याचं नाणं पुढं केलं. "थोरली फाउस्टिना. रोमच्या सम्राटाची राणी."

जयानं भिंगातून पाहिलं. "ही थोरली नाही, शेठ. तिची मुलगी आहे, धाकटी फाउस्टिना."

"अक्षरं तर पुसलीत. कशावरून सांगता, ताई?"

"केसांवरून. आईच्या वेण्या टाळूवर गुंडाळलेल्या असतात. हिचा अंबाडा मानेवर आहे."

त्यानं पुस्तक काढून पानं चाळली. मग नाण्यासोबतच्या चिठ्ठीवरचं नाव खोडून दुसरं लिहिलं. "वीस वर्षं धंदा करतोय यार," एवढंच पुटपुटला. नाणं जयानं घेतलं.

घरी नवऱ्यानं, धम्मपालनं, चहा ठेवला. ती पाय उशीवर टाकून नाणं न्याहाळत होती. "अहो, एवढे केस बांधायला तासभर तरी लागत असेल. मागं कुणीतरी उभी असेल ना?"

"असेल की. दासीबिसी."

"तिचे पाय दुखत असतील का हो?"

धम्मपालनं तिच्या पायाखालची उशी अजून थोडी वर सरकवली.

त्या दिवसापासून चंद्रप्रकाश तिला पुसट नाण्यांचे फोटो पाठवतो. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात जया भिंतीला टेकून उत्तरं देते. ही राणी लुसिला. सबिना. ही कोण, नक्की सांगता येत नाही. कधी तेवढंही त्राण उरत नाही. मग फोटो न उघडताच पडून राहतात.