मामाजींची दोन मिनिटं

सौंसरमध्ये मी कार्टून काढते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "कोणत्या चॅनलवर येते?" कोणत्याच नाही. कारखान्यात, संत्र्याच्या पॅकिंगमध्ये, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना काम नीट आणि सांभाळून कसं करायचं हे दाखवणारे दोन-दोन मिनिटांचे हलत्या चित्रांचे व्हिडिओ मी करते. पूर्वी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथे चाळीस मिनिटं बोलूनही पोरांच्या डोक्यात काही शिरत नसे, तेव्हापासून दोन मिनिटांवर माझा विश्वास बसला. एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगायची. दुसरी घातली की पहिलीही जाते.

रामाकोन्याच्या पुढे एक जिनिंग मिल आहे, कापसातली सरकी काढणारी. तिथल्या शेठजींचा दिवाळीच्या महिनाभर आधी फोन आला. मागच्या हंगामात कापूस टाकताना एका बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात अडकला होता. कुणीतरी धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून लुगडं फाटण्यावर आणि खांदा सोलण्यावर निभावलं. शेठजी म्हणाले, "मॅडम, बायांना सांगून सांगून थकलो. पदर खोचा म्हटलं की हो म्हणतात, घडीभरात पुन्हा मोकळा. आता तुमचा व्हिडिओ लावून पाहतो. हंगामाच्या पहिल्या हप्त्यात एक जरी पदर लोंबताना दिसला, तर मशीनवर सगळे गडीच घेतो. झंझट खतम."

मला राग लवकर येतो. पट्टा उघडा ठेवायचा यांनी आणि घरी बसायचं बायांनी! तीस बाया होत्या तिथे. सगळ्या शेजारच्या एकाच गावातून पायी येणाऱ्या. उन्हाळ्यापर्यंत घराजवळ हाताला काम, असं दुसरं त्यांना कुठे मिळणार होतं? मी म्हटलं, "आधी पट्ट्याला जाळी बसवा, मग मी चित्र काढायला बसते." त्यांनी कुरकुरत बसवली. पण जिथून कापूस आत टाकतात ती जागा उघडी ठेवावीच लागते, आणि बाया उभ्या राहतात त्या तिथेच.

पंधरा दिवस खपून मी व्हिडिओ केला. हिरव्या लुगड्यातली एक हसरी बाई, तिचा पदर ओढला जातो, ती दचकते, मशीन थांबते, मग ती पदर कमरेला गच्च खोचते. आवाज ॲपमधला, गोड आणि स्वच्छ. मशीनच्या चाचणीचे दिवस चालू होते. तेव्हा शेठजींनी टीव्ही आणून बायांना तो दाखवला. बाया खुशीत होत्या. मी परीक्षाही घेतली. "पदर कुठे?" "कमरेले!" तिसांच्या तीस एका सुरात. मी येताना पेढे घेतले आणि नवऱ्याला सांगितलं की आपल्याला हे काम जमतं.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी फोटो पाठवला. मशीनपुढे सहा बाया, सहाही जणींच्या डोक्यावर पदर आणि त्यांची टोकं खाली लोंबत. फोटोखाली एक शब्दही नव्हता. पेढ्यांचा डबा तसाच ओट्यावर होता. मी तो शेजारी देऊन टाकला आणि तडक मिलमध्ये जाऊन बसले. आता काय होतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठणार नव्हते.

सुरुवातीला सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. पदर कमरेला, हात कापसात, तोंडं गप्पांत. मग दारातून कुणीतरी खाकरलं. गेटावर कापूस मोजणारा म्हातारा काटेवाला वजनाच्या चिठ्ठ्या घेऊन आत आला. तीस हात एकदम वर गेले, कमरेचे पदर सुटले आणि डोक्यावर आले. खोचूनही डोक्यावर पुरेल एवढा लांब पदर कुणाचाच नसतो. म्हातारा मान खाली घालून, इकडेतिकडे न पाहता मुनीमजीकडे चिठ्ठ्या देऊन गेला. पदर मात्र तिथेच राहिले, कारण तो थोड्या वेळानं पुन्हा येणारच होता.

चहाच्या वेळी मी शेजारच्या बाईला विचारलं. ती त्या म्हाताऱ्याची सख्खी सून निघाली. एवढंच नाही, मागच्या साली पदर अडकला होता तो हिचाच.

"अगं, मग हे आधी काहून नाही सांगितलं?"

"त्यात सांगासारखं काय आहे ताई? मामाजी येऊन राहिले तर पदर घ्यावाच लागते."

"बाकीच्या का घेतात?"

"गावनात्यानं त्यायचेही सासरेच होतात ना ते."

मी कपाळावर हात मारला. मी सौंसरची लेक आणि लग्नानंतरही राहते सौंसरलाच. नवरा नोकरीनिमित्त इथे आला आणि इथलाच झाला, त्याला सगळे घरजावई म्हणून चिडवतात. लेकीला माहेरच्या गावात डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. म्हणून मी काढलेल्या चित्रात मशीन होतं, पट्टा होता, बाई होती, फक्त सासरा नव्हता. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

संध्याकाळी काट्यापाशी जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे मागच्या साली ते माह्यामुळं झालं?"

"तुमच्यामुळं नाही हो काका, रीत पडली म्हणून. तुम्ही एकदा त्यांना सांगा, मिलमध्ये पदर नका घेऊ."

"मी कसा सांगू? सुनेशी बोलतो काय मी? लगन होऊन आली तवापासून तोंडातोंडी बोललो नाई. काही सांगायचं असलं का नातीले सांगतो."

लेकी बोले सुने लागे ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिच्यावर अख्खं घर इतकी वर्षं चालू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारा वाईट नव्हता. त्याला सुनेची काळजी होती, बोलायची सोय तेवढी नव्हती. शेठजींनी शंभरदा सांगून काही झालं नसतं, कारण पदर शेठजींसाठी नव्हताच. ज्याच्यासाठी होता त्यानंच तो नको म्हणायला हवं होतं, आणि त्याची वाचा सुनेसमोर बंद.

मी म्हटलं, "काका, माझ्याकडे आवाज भरून घ्यायचं यंत्र आहे. त्याच्यापुढे बोला. तिथे सून नसते."

रविवारी तो धुतलेलं धोतर नेसून घरी आला. मी खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. नवऱ्यानं सुंदर अक्षरात मजकूर लिहून ठेवला होता. तो म्हाताऱ्यानं असा वाचला की वाटावं, कोर्टात साक्ष देऊन राहिला आहे. नवऱ्याचा मजकूर मी बाजूला ठेवला. तो रुसला, पण चहा करायला गेला.

"काका, सून समोर आहे असं समजा आणि बोला."

"तेच तर जमत नाई ना बाई. ते समोर आली का जीभ टाळूले चिकटते."

"मग नात समोर आहे असं समजा. तिला सांगा, आईला काय सांगायचं ते."

त्यावर तो सावरून बसला, खाकरला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. दारात चहाचे कप घेऊन नवरा उभा होता, तो तसाच उभा राहिला. दुसऱ्यांदा बोलायला मी सांगितलंच नाही. उठताना म्हाताऱ्यानं एकच अट घातली, "चित्रात मिशा काळ्या काढजो." मी काढल्या.

हंगामाची पूजा शनिवारी होती. शेठजींनी जामसांवलीच्या देवळातून आणलेला प्रसाद वाटला आणि टीव्ही लावला. म्हातारा आत आलाच नाही. लाज वाटते म्हणून बाहेर कापसाच्या ट्रॉलीआड जाऊन बसला.

पडद्यावर काळ्या मिशांचा काटेवाला आला आणि खाकरला. ते खाकरणं मी मुद्दाम कापून टाकलं नव्हतं, खरं वाटेल म्हणून. इतकं खरं वाटलं की तिसांच्या तीस बायांचे पदर टीव्हीपुढे डोक्यावर गेले! शेठजी माझ्याकडे वळून पाहायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग चित्रातला म्हातारा बोलायला लागला.

"बाई, तुह्या आईले सांग, मिलमधी मी सासरा नाई. मी फक्त काटेवाला आहो. मी आलो म्हून डोक्यावर पदर घ्यायचा नाई. कमरेले खोचायचा, आन खोचलेलाच ठेवायचा. मागच्या साली तुह्या आईचा पदर पट्ट्यात गेला, तवा मी काट्यावर होतो. मले धावताही नाई आलं."

त्यानंतर नात कुठे गेली कुणास ठाऊक, तो सरळच बोलला.

"सूनबाई, मान घरी दे. इथं हातपाय सांभाळ. तुह्या डोक्यावर पदर नसला तरी मले मान भेटला, असंच समजीन मी."

दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. मग मागून एक वयस्क बाई ओरडली, "आता काय पाहून राहिल्या? सासऱ्यानं सांगतलं ना? खोचा!" आणि हसण्याच्या गलक्यात तीस पदर कमरेला गेले. मीही माझी ओढणी बांधून टाकली.

पहिला हप्ता मी जीव मुठीत धरून काढला. म्हातारा चिठ्ठ्या घेऊन येई, बायांचे हात सवयीनं खांद्यापर्यंत जात आणि तिथूनच कापसात परत येत. तोही खाकरणं गिळायला शिकला. सातव्या दिवशी शेठजींचा फोन आला. "एकही दिसला नाही, मॅडम. बायाच राहू देतो." मी फोन ठेवून नवऱ्याला मिठीच मारली, आणि त्याचा मजकूर बाजूला ठेवल्याबद्दल माफीही मागून टाकली.

त्या दिवशी मिलमध्ये गेले तर म्हाताऱ्याची सून गेटापर्यंत मागे आली. पदर खोचलेला, केसांत कापूस. तिनं हळूच तिचा फोन पुढे केला.

"ताई, तो व्हिडिओ माह्या फोनवर पाठवता काय?"

"आता कशाला? पाठ झाला असेल तुला."

"पाठ आहे ना. पण त्याच्यात मामाजी मले सूनबाई म्हणतात." ती खाली पाहत होती. "पंधरा वर्सं झाली ताई लग्नाले. पह्यल्यांदाच म्हटलं त्यायनं."

मी तिथेच उभी राहून तो पाठवला. तिनं फोन कानाला लावला आणि शेवटची ओळ येईपर्यंत तशीच थांबली.