सकाळी सातलाच लिहिलेलं ‘सर्व ठीक’

गुरुवारी अक्का दोन दिवसांची रजा संपवून कामावर आल्या आणि पाच नंबरच्या खोलीत पाऊल ठेवताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप्तान चाकाच्या खुर्चीत एका बाजूला कलंडलेले, लाळ छातीपर्यंत ओघळलेली, डोळे अर्धवट मिटलेले. एरवी हा माणूस अक्कांच्या चपलेचा आवाज ओळखून दाराकडे मान वळवायचा. आज दोनदा हाक मारली तरी पापणी हलेना.

अक्का म्हणजे अपंग माणसांच्या त्या निवासगृहातल्या सगळ्यात जुन्या मदतनीस. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, एकवीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि कप्तान त्यांचे लाडके. वय एकेचाळीस, हातपाय ताब्यात नाहीत, बोलता येत नाही. पण ऐकू सगळं येतं आणि कळतं तर तुमच्याआमच्यापेक्षा जास्त. डोळे वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. एवढ्या दोन शब्दांवर हा गृहस्थ अख्खा मजला हलवायचा, म्हणून कप्तान.

त्यांना झालं काय होतं? रोजच्या नोंदींच्या वहीत लिहिलेलंच होतं. मंगळवार, दुपार: ‘चिडचिड, घास थुंकला.’ बुधवार, दुपार: ‘आक्रमक. ताट उडवलं, मदतनीसच्या कपाळाला लागलं.’ ते वाचून मॅडमनी, म्हणजे सुपरवायझर बाईंनी, डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टरांनी फोनवरच शांत ठेवणारी गोळी सांगितली. माणूस बघायचे कष्ट कोण घेतो, वही आहे ना. शिवाय मॅडमनी एक पत्र तयार ठेवलं होतं: सोमवारी कप्तानांना दुसऱ्या संस्थेत हलवायचं. तिथे म्हणे ‘अशांना’ ठेवतात. ती संस्था इतकी लांब की दर रविवारी येणारी त्यांची बहीण वर्षातून एकदा आली तरी नशीब.

अक्कांनी आधी कप्तानांचा डावा गाल चाचपला. टम्म सुजलेला. सोमवारी दात घासतानाच त्यांना दाढेची सूज दिसली होती. दोन वाजता निघताना त्यांनी फाटकात दुपारच्या मदतनीसला गाठलं. सगळे तिला चिमणी म्हणत, कारण ती कधी एका जागी टेकलेली दिसायची नाही. ती स्कूटर लावत होती, डोक्यावर हेल्मेट. “डाव्या बाजूने घास देऊ नकोस. दाढ सुजलीय, डॉक्टरांना दाखवायला सांग,” अक्का म्हणाल्या. हेल्मेटच्या आतून “हो हो” आलं आणि चिमणी हजेरीचा अंगठा लावायला मशीनकडे पळाली. अक्का रजेवर गेल्या, भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. इकडे दोन दिवस दुखऱ्या दाढेवर घासामागून घास. ताट उडवेल नाही तर काय करेल माणूस? तुमच्या-माझ्या दाढेत कोणी चमचा खुपसला असता तर आपण शिव्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आपल्याला कोणी आक्रमक म्हटलं नसतं.

अक्का वही घेऊन तडक ऑफिसात गेल्या.

“मी सोमवारीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी शांतपणे सोमवारचं पान उघडून पुढे सरकवलं. अक्कांचंच अक्षर. ‘सर्व ठीक. जेवण पूर्ण. तक्रार नाही.’

अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ते त्यांनीच लिहिलं होतं, सकाळी सात वाजता. तिथे सगळेच तसं करत. दोनच्या घाईत लिहायला सवड नाही, म्हणून आल्या आल्या दिवसभराचं लिहून मोकळं व्हायचं. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नसे आणि वहीत कप्तानांचं जेवण पूर्ण झालेलं असे. अक्कांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेनेच त्यांचा राग आणखी भडकला.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “सातला लिहिलेलं. माझंही खोटं, बाकीच्यांचंही. पण दोनला एकीचा अंगठा आणि दोनलाच दुसरीचा. मधे चार शब्द बोलायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही? आम्ही फाटकात, हेल्मेटशी बोलायचं?”

“वेळा वरून ठरतात, अक्का. आणि पत्र तर तयार झालंय.”

“मग माझंही एक पत्र घ्या. वही खोटी आहे असं माझ्या सहीने लिहून देते. माझी चौकशी लावा. आणि कप्तानांच्या बहिणीला त्याची एक प्रत मी स्वतः देणार.”

बहिणीचं नाव निघताच मॅडम नरमल्या. अक्कांनी खरोखरच लिहून दिलं. दुपारी त्यांनीच खुर्ची ढकलत कप्तानांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढेखाली पू झाला होता. दाढ काढली, गोळी बंद झाली, बदलीचं पत्र फाडलं गेलं. मॅडमच्या चुकीचा कुठे उल्लेख नाही. मेमो मिळाला तो अक्कांना, खोटी नोंद केल्याबद्दल. घ्या! पण त्यांनी तो निमूट घेतला, आणि बदल्यात एक गोष्ट वसूल केली. यापुढे दुपारवाल्या पावणेदोनला येणार आणि चार्ज द्यायचा तो माणसासमोर, त्याच्या खोलीत. शेवटचा प्रश्न त्यालाच विचारायचा.

सोमवारी, ज्या दिवशी कप्तानांना गाडीत घालून नेणार होते त्या दिवशी, पावणेदोनला चिमणी वही घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. कपाळावरची खूण अजून निळी होती. झोप, जेवण, औषध, अक्कांनी सगळं सांगितलं, तिने लिहून घेतलं. मग तिने जरा अवघडून विचारलं, “कप्तान, काही राहिलं का?”

डोळे वर गेले. हो.

“दाढ दुखतेय?” मिटले. “पोट? पाठ? खुर्ची टोचतेय?” मिटले, मिटले, मिटले. “माझ्यावर राग आहे, ताटाचा?” थोडं थांबून पुन्हा मिटले. चिमणीने असहायपणे अक्कांकडे पाहिलं.

अक्का खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या. “माझ्यावर राग आहे?”

कप्तानांनी डोळे वर केले आणि बराच वेळ खाली आणले नाहीत.

“लिही,” अक्का चिमणीला म्हणाल्या. “कप्तान अक्कांवर रागावलेत. कारण बरोबर आहे.”

चिमणीने ते तसंच लिहिलं, आणि अक्कांनी खाली सही केली.